ज्योतीरामच्या गालांवरची लाली

१

पौषातली सकाळ होती. पाणी भरायला गेलेल्या मुली दगडखाणीच्या काठावर एका रांगेत थबकल्या. पुढं, गुडघाभर पाण्यात, ज्योतीराम उताणा पडला होता.

कुणी किंचाळलं नाही. 'अगं बाई' एवढंसुद्धा कुणाच्या तोंडून निघालं नाही. रतननं कमरेवरची कळशी खाली ठेवली, ती कलंडू नये म्हणून तिला दगड लावला आणि मग पुन्हा पाण्याकडं पाहिलं.

त्याचे गाल लाल होते. मेलेलं माणूस पांढरंफटक पडतं, हे तिनं पटकीच्या साथीत स्वतःच्या घरात पाहिलं होतं. आई, बाप आणि पाठचा भाऊ एकाच आठवड्यात गेले होते. हा मात्र चारचौघांत कुणी चिडवल्यासारखा लाजून पडला होता.

ओरडला तो बिरू धनगर. पलीकडच्या काठावर त्याची मेंढरं चरत होती.

"आरं, पोरगं मेलंय! आन् तुमी पोरी जत्रा बघताय व्हय? हात लावा की कुनीतरी!"

कुणी हात लावला नाही. बिरूनंच पाण्यात उतरून त्याला काखेत धरून काठावर ओढलं आणि खांद्यावरचं घोंगडं त्याच्यावर घातलं. मग त्यानं मुलींकडं असं पाहिलं, की रतनला अंगावर लुगडं नसल्यासारखं वाटलं.

"मानसं हायसा का धोंडं?" असं म्हणून तो मेंढरं तशीच टाकून चाकणच्या पोलीस ठाण्याकडं पळत सुटला.

रतननं डोळे गच्च मिटले, उघडले. ते कोरडेच होते. ज्याच्यासाठी ती रोज सकाळी उठत होती तो समोर मरून पडला होता, आणि तिला पहिली आठवण झाली होती ती कळशीला दगड लावायची.

२

मोशीच्या पुढं इंद्रायणी ओलांडली, की चाकणच्या वाटेवर एक उघडा माळ लागे. त्या माळावर उद्धवरावांची 'स्थिरचित्त वसाहत' होती. आसपासच्या गावांत तिला मुक्यांची वाडी म्हणत.

प्लेगात बायको आणि दोन मुलं गेली, तेव्हा उद्धवराव वर्षभर वेड्यासारखे रडत हिंडले होते म्हणे. त्यातून उठले ते एक गोष्ट मनाशी धरूनच: माणसाच्या सगळ्या हालांचं मूळ त्याच्या मनाच्या हेलकाव्यांत आहे. त्यांनी बंद पडलेल्या दगडखाणीची जागा घेतली, कंदिलाच्या काचा फुंकायची भट्टी टाकली आणि साथीत, पुरात, दुष्काळात घरदार गेलेली पोरं गोळा केली. पोरांना दोन वेळचं अन्न मिळे, अंगभर कपडा मिळे, हाताला कसब मिळे. बदल्यात रडायचं नाही, हसायचं नाही, गाणं म्हणायचं नाही. गेलेल्यांची नावं घ्यायची नाहीत आणि त्यांची वस्तू जवळ ठेवायची नाही. गावाकडची बोलीसुद्धा टाकून द्यायची, कारण उद्धवरावांच्या मते तिच्यात फार चढउतार होते. मुलगे भट्टीवर, मुली काचा बांधायच्या शेडमध्ये. संध्याकाळी सगळ्यांनी समोरासमोर बसायचं आणि उद्धवरावांनी कंदील धरून एकेकाचा चेहरा तपासत जायचं. त्या बैठकीला 'सम' म्हणत.

आदल्या संध्याकाळी समेच्या वेळी ज्योतीराम हसला होता. चांगला दात दिसतील असा.

कंदील त्याच्यापुढं थांबला.

"हे कोणासाठी?" उद्धवरावांनी विचारलं.

"कोणासाठी नाही."

"हसू कोणासाठी तरी असतं."

मग त्यांनी कंदील मुलींच्या रांगेकडं नेला आणि प्रत्येकीला विचारलं. रतनची पाळी आली तेव्हा ती त्यांच्या डोळ्यांत सरळ पाहत म्हणाली, "मी ह्या मुलाला ओळखत नाही."

तिचा आवाज कापलासुद्धा नाही. उद्धवरावांनी कंदील उंच करून तिचा चेहरा सगळ्यांना दाखवला.

"पाहा. ह्याला म्हणतात स्थिर चित्त."

ज्योतीरामला शिक्षेच्या गप्प खोलीत नेलं, तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती कोण हे सगळ्यांना कळलं असतं. एवढ्यासाठीच तो मान ताठ ठेवून चालत गेला, हे फक्त रतनला ठाऊक होतं.

आणि आता चाकणचे फौजदार मारुतराव फाटकातून आत येत होते. स्थूल अंगाचा, घामेजलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली आणि असे शिंकले, की शेडमधल्या पोरी दचकल्या. इतका मोठा आवाज त्या आवारात कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"घसरून पडला," उद्धवराव शांतपणे म्हणाले. "कालपासून त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. तुम्हाला काय पाहायचं असेल ते आमची रतन दाखवील. वसाहतीतली सर्वांत शांत मुलगी आहे."

आवारात आणून ठेवलेल्या ज्योतीरामवरचं घोंगडं मारुतरावांनी बाजूला केलं. उकिडवे बसून त्यांनी त्याचे खिसे चाचपले. तापलेल्या लेकराचं अंग पाहावं तसा त्यांनी पालथा हात ज्योतीरामच्या गालाला लावला.

"कुठं सापडला म्हणालात?"

"खाणीच्या काठाशी."

"गुडघाभर पाण्यात. आणि हा तर चांगला साडेपाच फूट गडी." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "उद्धवराव, पोरगा पाण्यात मेलेला नाही. मेल्यावर त्याला कुणीतरी पाण्यात नेऊन ठेवलंय."

३

"रात्री हा कुठं होता, पोरी?"

"गप्प खोलीत," रतन म्हणाली आणि वाट दाखवायला पुढं झाली.

गप्प खोली म्हणजे खाण चालू होती तेव्हाची सुरुंगाच्या दारूची कोठी. हातभर जाडीच्या दगडी भिंती, पत्रा ठोकलेलं दार, आणि मागच्या अंगाला वीतभर झरोका. आत पांघरूण द्यायचं नाही, जेवण द्यायचं नाही, असा नियम होता.

रतन पुढं चालत होती, पण तिचं मन आदल्या तिन्हीसांजेपाशी अडकलं होतं. ज्योतीरामला कोंडल्यावर ती पाण्याचं निमित्त काढून कोठीच्या मागं गेली होती. वारा सुटला होता. आईच्या लुगड्यांची गोधडी होती, तिचा एक तुकडा तिनं इतकी वर्षं उशीच्या आत शिवून लपवला होता. तो तिनं झरोक्यात कोंबला. आतून आवाज आला होता, "रतन? तू हाईस व्हय?" सगळ्या आवारात गावच्या बोलीत बोलायची हिंमत करणारा तो एकटाच.

तिनं उत्तर दिलं नाही. कुणी ऐकेल ह्या भीतीनं तिनं गोधडी आणखी आत दाबली, इतकी की त्याचा आवाजही बाहेर येईना.

ते आठवलं की तिचे कान तापत. तरी सकाळपासून तिला धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट होती. तोंडानं ओळख नाकारली, पण हातांनी त्याला वाऱ्यापासून तरी राखलं. बाकी काही नाही, निदान एवढं तरी आपल्याकडून झालं.

आता झरोका उघडा होता. गोधडी गेली होती. 

मारुतराव दारातून वाकून आत शिरले आणि नाकानं हुंगू लागले.

"शेण. आज सारवायचा दिवस का?"

"नाही. खोल्या शनिवारी सारवतात."

"आणि आज बुधवार. सारवण अजून ओलं आहे." ते खाली बसले आणि खिशातल्या चाकूनं जमीन खरवडू लागले. मधोमध एके ठिकाणी वरचा पोपडा निघाला. खाली माती विटेसारखी लाल भाजलेली होती. ताटाएवढं गोल वर्तुळ.

"शेगडी," मारुतराव स्वतःशीच म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी कोठीला वळसा घातला. मागच्या निवडुंगात काहीतरी अडकलं होतं. काट्यांतून त्यांनी ते अलगद सोडवलं. हिरव्या आणि लाल चौकटींचा गोधडीचा तुकडा. एक बाजू दंवानं भिजलेली, दुसरी धुरकटलेली. त्यांनी तो झरोक्याच्या तोंडाला लावून पाहिला. बरोब्बर बसला.

"ही गोधडी कुणाची, रतन?"

आईच्या हातचे टाके तिच्या डोळ्यांसमोर होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

मारुतरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग तो तुकडा घडी घालून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला.

४

भट्टीवरचा मुकादम भिमाजी हा वसाहतीत बाहेरून कामाला येणारा एकटाच. त्याच्यावर बोलीचा नियम नव्हता, तरी तो कमीच बोले. आज त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"पोरगा कसा होता?" मारुतरावांनी विचारलं.

"हात लई गोड, साहेब. ह्या भट्टीत तसा फुंकणारा न्हाई दुसरा." भिमाजीनं मान खाली घातली. "पर दोन महिनं झालं, बिघाडला हुता जरा. त्याच्या दर पेटीत येक काच बुडबुड्याची निघायची. मी डोळ्यांनी बघितलंया."

"मग ती बांधणीतून माघारी येत असेल."

"त्याचंच तर नवाल वाटतंय. येकबी आली न्हाई."

"बांधणीला काच कोण तपासतं?"

"ही रतनच की. हिची नजर लई बारीक. केसायेवढी चीर असली तरी माघारी धाडती."

मारुतरावांनी तपकिरीची डबी काढली आणि न ओढताच पुन्हा खिशात टाकली.

"भिमाजी, पहाटे पाण्यात कशाला उतरला होतास?"

मुकादमाचा चेहरा भट्टीच्या उजेडातही पांढरा पडला. "मी हुकमाचा ताबेदार, साहेब," तो पुटपुटला. "झरोक्यात कापाड हुतं, ते काढून फेकलं आन् सांगितलं तेवढं केलं. म्होरचं मालकांना इचारा."

शेडच्या मागं बाभळीखाली आल्यावर मारुतराव थांबले.

"पोरी, काचेतला बुडबुडा म्हणजे फुंकणाऱ्याचा श्वास. बरोबर? कुणाचीही केसाएवढी चीर जिच्या नजरेतून सुटत नाही, तिला ह्या एकाच पोराचा बुडबुडा दोन महिने दिसला नाही. काल समेला तो हसला, ते तुझ्यासाठी."

'मी ह्या मुलाला ओळखत नाही' हे वाक्य सवयीनं रतनच्या ओठांशी आलं, पण तिथंच विरलं. ती बाभळीच्या बुंध्याला टेकली.

"काल मी त्याच्या रिकाम्या पेटीत बाभळीचं फूल ठेवलं होतं," ती म्हणाली. "दोन महिने तोच बोलत होता. मी पहिल्यांदा उत्तर दिलं. म्हणून तो हसला."

"आणि समेला?"

"त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले." तिचा आवाज अजूनही सपाटच होता आणि तिला त्या आवाजाची किळस आली. "हो म्हणाले असते तर दोघांनाही फाटकाबाहेर काढलं असतं. अशा ओळखीला एवढीच शिक्षा आहे. आम्ही आज सकाळी चाकणच्या रस्त्यावर चालत असतो, फौजदारसाहेब. पण सगळे माझ्याकडं बघत होते."

मारुतरावांनी खिशातली गोधडीची घडी चाचपली.

"आणखी काही सांगायचंय?"

गोधडी तिच्या मनात आली. त्या एवढ्या बऱ्या गोष्टीवर तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

५

उद्धवराव आपल्या खोलीत लाकडी पाटावर बसले होते. मारुतरावांनी रतनला दाराशी उभं केलं आणि स्वतः जमिनीवरच मांडी घातली.

"कोठीच्या किल्ल्या कुणाकडं असतात?"

"एक माझ्याकडं. एक सुमनताईंकडं." सुमनताई म्हणजे मुलींवर देखरेख करणारी बाई. हसण्याचा आवाज तिला तीन खोल्या पलीकडून ऐकू जाई.

"मग कोठीत शेगडी तुम्ही किती वाजता नेलीत?"

"शेगडी?" उद्धवरावांच्या भुवया वर गेल्या. "कोठीत शेगडी कुठून येणार? शेगडी असती तर तो गारठून कशाला..."

ते थांबले. रतननं त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी धावताना पाहिलं.

"बोला की," मारुतराव हळूच म्हणाले. "घसरून पडलेला पोरगा गारठून कशाला मरेल, असंच ना?"



"पहाटे मी दार उघडलं," उद्धवराव म्हणाले. "हलवलं तर उठेना. रात्री थंडी फार होती, पांघरूण नव्हतं. मला वाटलं, माझ्या नियमानं मेला हा. मी भिमाजीला हाक मारली."

"आणि त्याला पाण्यात टाकलंत."

"इथं साठ पोरं आहेत. वसाहत बंद पडली असती तर ती कुठं गेली असती?"

"पोरांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटलं?"

उद्धवरावांनी मांडीवरचे हात उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "लाज," ते म्हणाले. "दिव्यात त्याचा चेहरा दिसला. मला तिकडं बघवेना."

"बघायला हवं होतं. त्याचे गाल लाल आहेत." मारुतराव पुढं सरकले. "जुन्नरकडं नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस. एक घर सकाळी उघडेना. नवरा, बायको, दोन पोरं. दार फोडलं तर सगळी झोपल्यासारखी, गाल डाळिंबासारखे. मधोमध कोळशाची शेगडी विझलेली. खिडक्यांना पोती लावलेली. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. कोंडलेल्या जागेत कोळसा पेटता ठेवला, की त्याचा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि ते झोपेतच जातं. पण गालांवर लाली राहते. ज्योतीराम थंडीनं मेला नाही. तो शेगडीनं मेला. ती शेगडी तुमच्या माहितीत नव्हती, हे आत्ता तुमच्याच तोंडून कळलं. आणि किल्ल्या तर दोनच आहेत."

दाराशी लुगडं सळसळलं. रतननं वळून पाहिलं. तिच्या मागं सुमनताई कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे.

"शोधू नका," सुमनताई म्हणाली. "मी मारलं त्याला."

६

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"कशासाठी?" मारुतरावांनी विचारलं.

"शिक्षा म्हणून. त्यानं समेचा भंग केला. कोळशाच्या धुरानं घुसमटेल, ताळ्यावर येईल, असं वाटलं. मेला. सकाळी मी सारवण घातलं. लिहून घ्या."

"खोटं बोलताय, ताई."

"खून कबूल करणारी बाई खोटं कशाला बोलेल?"

मारुतरावांनी खिशातून रुमाल काढून जमिनीवर सोडला. त्यात भुईमुगाच्या शेंगांची भिजलेली टरफलं होती.

"पोराच्या खिशात होती ही. कोठीत अन्न द्यायचं नाही असा नियम. शेंगा तुमच्या कोठारात, कुलपाखाली. आणि टरफलं कच्च्या शेंगांची नाहीत, भाजलेल्या शेंगांची आहेत. निखाऱ्यावर. जीव घ्यायला आलेली बाई शेजारी बसून शेंगा भाजून देत नाही."

सुमनताईनं भिंतीला हात लावला. खुनाचा आळ तिनं ताठ मानेनं घेतला होता. शेंगांच्या टरफलांपुढं मात्र तिची मान खाली गेली. तिनं पदर तोंडावर ओढला, जणू कुणीतरी तिला नको त्या अवस्थेत पाहिलं होतं.

"कुडकुडत होता हो," ती पदराआडून म्हणाली. "दात वाजत होते. माझा बाळू असता तर एवढाच असता आत्ता... मी शेगडी नेली. म्हटलं, कुणाला कळायला नको. उद्धवरावांना काय तोंड दाखवू? पहाटे शेगडी परत आणायला गेले तर गाल लाल झालेले. मला वाटलं, ऊब लागली पोराला. निजू दे. शेगडी उचलून मी पाऊल न वाजवता बाहेर आले. पाऊल न वाजवता!"

शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला. उद्धवराव तिच्याकडं पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिला बाळूचं नाव घेऊ दिलं नव्हतं.

"आता एक गोष्ट उरते," मारुतराव म्हणाले. आवाज खाली आला होता. "नुसत्या शेगडीनं तो मेला नसता. त्या कोठीला झरोका आहे. वारा खेळता राहिला असता, तर पोरगा सकाळी डोकं धरून उठला असता, एवढंच. पण झरोका बुजवलेला होता."

रतनची नजर त्यांच्या कोटाच्या खिशावर खिळली.

"कुणी बुजवला, ते भिमाजीला माहीत नाही. सुमनताईंना तर झरोका बुजवलाय हेच माहीत नव्हतं." त्यांनी गोधडीचा तुकडा काढला, पण रतनकडं पाहिलं नाही. खिडकीबाहेर पाहत ते बोलत राहिले. "ज्यानं बुजवला त्याला आत शेगडी येणार हे ठाऊक नव्हतं. दोघांनीही त्याला ऊब दिली. दोघंही एकमेकांपासून लपून आले. एकानं दुसऱ्याला नुसतं सांगितलं असतं, की मी हे करून आलोय, तर पोरगा वाचला असता. पण इथं सांगायची सोय नव्हती. माझ्या कामापुरतं मला सगळं मिळालंय. कोंडलं कुणी आणि प्रेत हलवलं कुणी, ते कळलं. गोधडीच्या मालकाचं नाव कागदावर आलं नाही तरी चालेल."

त्यांनी वाट मोकळी ठेवली होती. रतनला ती दिसत होती. पुन्हा एकदा ताठ उभं राहायचं, डोळे स्थिर ठेवायचे, आणि संध्याकाळी कुणीतरी कंदील धरून तिचा चेहरा सगळ्यांना दाखवील.

"म्या," ती म्हणाली.

आवाज तिचा होता, पण इतक्या वर्षांत न बोललेल्या बोलीतला. "म्या बुजवला. आईची गोधडी हाय ती माझ्या. त्यो आतनं हाका मारीत हुता. म्या त्याच्या हाकंवर बोळा घातला, साहेब. ल्हिवा माझं नाव."

सुमनताई पदर खाली घेऊन तिच्याकडं पाहत राहिली. दोघी वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिल्या होत्या.

७

निरोप मिळताच पुनावळ्याहून ज्योतीरामची आत्या भागूबाई बैलगाडी घेऊन आली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दुष्काळात पोराला दोन घास मिळतील म्हणून तिनंच त्याला इथं आणून सोडलं होतं. तिनं घोंगडं उचललं आणि जो हंबरडा फोडला तो भट्टीपर्यंत गेला. फुंकणारी पोरं नळ्या खाली ठेवून बाहेर आली. बांधणीच्या पोरी आल्या. कुणी रडलं नाही. सगळी नुसती उभी राहून ऐकत होती, आणि कुणी त्यांना आत जा म्हणालं नाही. उद्धवराव पोलिसांच्या गाडीत बसताना एकदाच त्या आवाजाकडं वळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांच्या मागून भिमाजी चढला. शेवटी सुमनताई चढली. तिला कुणी धरलं नव्हतं.

"कोर्टात साक्षीला यावं लागेल," मारुतराव रतनला म्हणाले. "घाबरू नकोस. खरं तेच सांग."

"खरंच सांगंन."

मग ती भागूबाईपुढं जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. काच, फूल, सम, झरोका. कुठंही स्वतःला सोडवून न घेता सांगितलं.

भागूबाईनं तिच्या पाठीत बुक्की मारली. मग दुसरी. मग ती मारतच राहिली, दम लागेपर्यंत, "माझ्या लेकराला, माझ्या लेकराला," असं म्हणत. रतननं पाठ चोरली नाही. जवळच उभा असलेला एक शिपाई मध्ये पडायला निघाला, तर मारुतरावांनी हातानंच त्याला थांबवलं.

हात दमल्यावर भागूबाई तशीच बसून राहिली.

"आतनं हाक मारली, त्यवा काय म्हनला त्यो?"

"माझं नाव घेतलं."

"आनिक?"

"तू हाईस व्हय, म्हनला."

भागूबाईनं नाक पुसलं. ज्योतीरामच्या कपाळावरचे केस मागं सारले. दोन गड्यांनी त्याला गाडीत ठेवलं, पेंढ्यावर. भागूबाई वर चढून त्याच्या उशाशी बसली आणि रतन अजून खालीच आहे असं पाहून म्हणाली, "बसलीस काय तितं? चढ. तिसऱ्या दिसाला भात शिजवाया घरात दुसरं बाईमानूस न्हाई."

"आत्या, मला लई लाज वाटतीया."

"वाटनारच. ती घिऊनच चढ."

गाडी हलली. चिखली गेली, निगडी मागं पडली. रावेतच्या बाजूला पवनेचा उतार लागला आणि बैलांनी वेग घेतला. तेव्हा रतनच्या घशातून एक आवाज निघाला. कसला ते तिला आधी कळलंच नाही. गाडीचं चाकच करकरलं असं वाटलं. मग तो पुन्हा आला, मोठ्यानं, आणि थांबेना.

 भागूबाई थोडी सरकली आणि तिला टेकायला जागा करून दिली.